वाहून गेलेला बोर्ड

भिलवडीत दुकान. पद्मावती मोटर रिवायंडिंग.
बोर्ड पत्र्याचा, पिवळ्यावर निळी अक्षरं,
पेंटर 'वायंडिंग'वरचा एक अनुस्वार विसरला होता,
तो मी मागाहून वॉर्निशच्या ब्रशनं टेकवला.

पुराच्या साली पाणी बाजारपेठेत शिरलं
तेव्हा माळ्यावर तारेची रिळं चढवली,
लोकांच्या मोटरी चढवल्या, पावतीपुस्तक चढवलं.
बोर्ड कुणाच्या ध्यानात राहतो?
तो नदीबरोबर गेला.

दिवाळीनंतर फोन आला.
"धनपाल चौगुले का?"
बोलतोय.
"तुमचा बोर्ड हितं आलाय. म्हैसाळच्या खाली,
बाभळीत अडकला हुता. खुराड्यावर घातलाय,
चालंल न्हवं?"
चालंल.
"आणि साडेसातची मोटर जळलीया. कधी आणू?"

वीस वर्षं बोर्ड दुकानावर होता.
तो वाचून कोण आलं असं एक नाव आठवत नाही.
गावाला मी ठाऊक होतो,
बोर्ड आपला मलाच माझं नाव सांगायचा.
सुटला, आणि कामाला लागला.

हे मी जेवताना हसत सांगितलं.
प्रज्वला हसली नाही.
म्हणाली, अप्पा, असाच बोर्ड करू,
पाण्याशिवाय जाणारा.

मी म्हणालो, हार्डवेअरवाला रावसाहेब पाठवतो की कामं.
ती म्हणाली, आणि मोटरीमागं तीनशे?
मी भाकरी मोडली.
म्हणाली, गिऱ्हाइकाला तरी माहिताय का
मोटर तुम्ही भरली ते?
आमटी त्या दिवशी जरा खारटच होती.

मग एका रविवारी दुकानात बसली, मांडीवर लॅपटॉप.
दर सांगा. सांगितले.
फोटो काढला, माझा नको म्हणालो, हातांचा काढला.
शेवटी म्हणाली, आता 'आमच्याविषयी'.
लिही, मोटरी भरून मिळतील.
ते सगळेच लिहितात. तुम्ही काय करता?

काय करतो?
वेढे हातानं मोजतो. मधे कुणी बोललं तर पहिल्यापासून.
ॲल्युमिनियम घालत नाही, घाला म्हणाले तरी.
जळकी तार गिऱ्हाइकापुढं वजन करून परत देतो,
तांबं त्याचं आहे.
वॉर्निश नीट वाळल्याशिवाय मोटर हलू देत नाही,
उसाला पाणी तुंबलं म्हणून कुणी कितीही ओरडो.
एका हंगामात परत जळली तर मजुरी नाही.

बोलता बोलता थांबलो.
हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.
गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरनंच विचारतं, किती?
आणि मी आकडा सांगतो, त्याच्या चपलांकडं बघून
थोडा वर, थोडा खाली.
आता दर लिहिलेत. चपला बघता येत नाहीत.
पहिला आठवडा चुकल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या महिन्यात
जतकडच्या एका माणसाचा रात्री पावणेतीनला मेसेज.
शेतीची लाइट रात्रीचीच, मोटर तेव्हाच जळते,
आणि तेव्हा माणूस विहिरीच्या काठावर
मोबाइलच्या उजेडात एकटा असतो.
रावसाहेबाचं शटर तेव्हा खाली असतं.
भाव विचारला नव्हता. एवढंच होतं:
"तार खरंच परत देता का?"
मी सकाळी उठून लिहिलं, देतो.
एका शब्दाला मला पाच मिनिटं लागली.

म्हैसाळला त्या साडेसातीची मोटर बसवायला
मी स्वतः गेलो होतो.
खुराड्यावर बोर्ड बघितला.
निळा रंग सगळा विटलेला,
नंबराचे शेवटचे चारच आकडे कोंबड्यांनी सोडलेले.
वॉर्निशचा ठिपका मात्र
जिथं टेकवला होता तिथंच, चकचकीत.
"न्यायचा का?" त्यानं विचारलं.
राहू दे म्हणालो,
अंडी देतंय ते देऊ दे.