खर्ज

एकोणतीस पौंड नव्व्याण्णव पेनी.
पावती माझ्या खिशात,
डबा चॅपेलच्या मागच्या खोलीत,
आणि गायकमंडळाचा खजिनदार म्हणून
तालमीआधी मला सांगायचंय
हा ठेवायचा की परत करायचा.

दिसायला पावाच्या लादीएवढा, काळा, समोर जाळी.
डोक्यावर खाच. तीत मेरियलच्या नातवाचं
काडेपेटीएवढं यंत्र बसतं,
निळा दिवा लागतो,
आणि पोरानं पियानोवर वाजवून भरून दिलेल्या
चारही आवाजांच्या ओळी
एकेक करून बाहेर येतात.
यंत्र बसताना खट् असा आवाज होतो.
त्या खटक्याला मी दहापैकी आठ दिले.

वरचा सूर स्वच्छ, किंचित काचेरी.
टेनरवाले खूश होतील,
ते स्वतःला ऐकू आले की खूशच असतात.
मधला ठीक.
आवाज विसाच्या पुढे नेला
की चमच्यांचा ड्रॉवर ओढल्यासारखा खुळखुळतो.
म्हणून मी अठरावर थांबलो,
आणि आमची, दुसऱ्या बासची, ओळ लावली.

खाली काहीच नाही.
अंधारात जिना उतरताना
अजून एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा
आणि ती नसावी, तसं.

बावीस वर्षं मी खाणीचा पाळणा वरखाली केला.
घंटेचे तीन ठोके म्हणजे आत माणसं आहेत, जपून.
त्या इंजिनाशेजारी कान निम्मे गेले,
तेव्हापासून खालचे सूर मी तळपायांनी ऐकतो.
तळपायांना आज काही कळलं नाही.

वहीत लिहिलं : खर्ज – नाही.

तेवढ्यात इडवल आला, ओला कोट अंगावरच,
माझं तोंड पाहून म्हणाला,
"तीस पौंडात काय हवं होतं तुला, कॅथीड्रल?"
मी म्हटलं, गाजराची पुंगी समजून आणला होता,
पण हा मोडूनही खाता येत नाही.

त्यानं तो उचलला. खिडकीच्या पाटीदगडावर ठेवला :
खिडकी थरथरली, डबा नाही.
प्रार्थनापुस्तकांच्या कपाटावर : कपाट बोललं.
मग गुडघे कुरकुरवत खाली वाकून
दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात, जमिनीवर सरकवला,
आणि खरंच,
कोपऱ्यात कोंडलेलं मांजर फुगावं
तसा तो थोडा फुगला.
थोडाच. अगदी तळाचे दोन सूर तरीही आले नाहीत.

आम्ही पाच होतो मागच्या रांगेत.
ट्रेफोरच्या छातीत कोळशाची धूळ,
हेडली लेकीकडे स्विंडनला,
ऑस्वाल्डबद्दल काय बोलायचं.
राहिलो दोघे.

ओळ तिथं आली जिथं डबा गप्प होतो,
आणि इडवलनं, कोटाची बटणं सोडता सोडता,
तो सूर भरला.
मुद्दाम नाही. समोरच्याची वाटी रिकामी दिसली
की वाढणाऱ्याचा हात जातो, तसा.
मग मीही.
खोलीतली सैल फळी आहे ना, हीटरजवळची,
ती गुणगुणायला लागली.
तळपायांना कळलं.

ओळ संपली. इडवल खोकला.
"चालेल," म्हणाला, "यानं आपलं काम केलं असतं
तर आपण इथं कशाला आलो असतो?"
हा युक्तिवाद मला पटलेला नाही.
खजिनदार म्हणून तर मुळीच नाही :
चार आवाज म्हणून विकलेल्या वस्तूनं
चार आवाज द्यायला हवेत.

साडेसातला टेनरवाले आले, छत्र्या झटकत,
आणि पहिला प्रश्न हाच,
कोपऱ्यात जमिनीवर का ठेवलाय, लाथ लागेल.
मी म्हटलं, लागू दे.

पावती अठ्ठावीस दिवस चालते.
ती मी फाडलेली नाही,
वहीत ठेवली आहे, त्याच पानावर,
जिथं "नाही"च्या पुढं
नंतर पेन्सिलीनं दुसरं काहीतरी लिहायला
जागा सोडली होती.