मनगटाचा जोर

रात्री सव्वातीन. हर्णैहून टेम्पोत,
बर्फाच्या लाद्या सरकवून केलेल्या जागेत
आडवा घालून आणला हरेश्वर चोगलेला.
विंचचा वायररोप तुटून उलटा आला होता छातीवर.
तांडेल एवढंच म्हणत राहिला,
"बोलत होता ओ, आसूद येईस्तोवर बोलत होता."

डावी बाजू श्वासाला उठत नव्हती.
नळी घातली. पहिली बाटली भरली,
दुसरी अर्धी व्हायच्या आत सिस्टरने माझ्याकडे पाहिलं.
फोनवरचे साहेब म्हणाले, मुंबईला हलवा.
मुंबई.
खेडचा घाट तरी उतरला असता का हा?

शर्ट कापला. खिशात भिजलेल्या विड्या, बर्फाची पावती.
भूल द्यायला मुकादम डॉक्टर लुंगीवरच आले.
बरगड्या फाकवायचं अवजार होतं कपाटात,
दरवर्षी यादीत मोजलेलं, कधी न वापरलेलं.
पहिल्या फेऱ्याला कुरकुरलं.

लहानपणी आंजर्ल्याच्या खडपावर
आत्येबरोबर मी कालवं फोडायचे.
कोयतीचं टोक सांध्यात, मग नुसतं मनगट.
खांद्याचा जोर लावलास, ती म्हणायची,
तर आतलं फाटतं.
पाचव्या बरगडीखालून आत शिरताना
आत्या आठवली, असं लिहायला बरं वाटतं.
खरं तर काहीच आठवलं नाही.
ऊन रक्तात हात गेला,
बोटाखाली काहीतरी चिळकांडी मारत होतं,
ते दाबून धरलं.
मुकादम आकडे सांगत होते. साठ. पन्नास.
मग बराच वेळ त्यांनी काही सांगितलं नाही.
मग म्हणाले, "टाका घ्या आता."

जेटीवरून अकरा जण रक्त द्यायला आले,
तिघांचा गट जुळला.
त्यातला एक, नंतर कळलं,
आदल्या दिवशीच त्याच्याशी जाळ्यावरून भांडलेला.

सकाळी वासंती, त्याची बायको, खाटेखाली वाकून
बाटलीतल्या नळीकडे बघत बसली.
"पाणी वरखाली होतंय, म्हणजे बरं ना?"
म्हटलं, होय. एकाएकी थांबलं तर हाक मार.
दोन रात्री तिने पापणी मिटली नाही.
तिसऱ्या दिवशी मलाच सांगायला लागली,
खोकला की किती चढतं, झोपला की किती.

आठव्या दिवशी राउंडला गेले
तर हरेश्वर उशीला टेकून बसलेला.
आभार वगैरे नाही.
"बाई, माझा शर्ट कापलात तुम्ही?
शिमग्याला घेतलेला, एकदाच घातलेला."
मी म्हटलं, बटणं काढायला वेळ नव्हता.
तो हसायला गेला आणि
टाक्यांवर हात दाबून तसाच थांबला,
डोळ्यांत पाणी, तोंड उघडं.
हसू बाहेर पडेना, आत जाईना.