रुपये लाखांत

पुस्तकाच्या प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात
बारीक छापलंय: रुपये लाखांत.
मला लाखांची सवय नाही.
एकोणीस वर्षं अंगणवाडीत काढली,
मला ग्रॅम येतात.

खाण बंद पडली तेव्हा कंपनीने
वजनकाट्याची खोली आम्हाला दिली.
जिथे दहा-दहा टनांचे ट्रक तोलले जायचे
तिथे आता सव्वीस पोरं बसतात,
घरी जाताना ढुंगणं तांबडी.
शौचालय म्हणजे मागची काजूची झाडं.
सात अर्ज केले. सातव्याला उत्तर आलं:
तरतूद करण्यात आली आहे.

कुठे?
उसगावचे कायतानबाब
वित्त खात्यात हेडक्लार्क होते, आता निवृत्त.
त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक उघडलं.
आधी मागणी क्रमांक, बाय, मग लेखाशीर्ष,
मग बोट आडवं सरकवत जा,
तांदळातला खडा शोधतेस तसं.

सापडला.
अंगणवाडी, फरशी व शौचालय, धारबांदोडा तालुका:
०.०१
मी दोनदा शून्यं मोजली.
हजार रुपये.
टोकन गं ते, कायतानबाब म्हणाले,
जागा धरून ठेवतात,
बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकावा तशी.

मागची पुस्तकं काढली.
पाच वर्षं तोच रुमाल.

मातांच्या बैठकीत सांगायला गेले
तर बसम्मा म्हणाली, हजारात सिमेंटच्या दोन गोणी,
त्याही आणायचं भाडं वेगळं.
ती रोज दुसऱ्यांच्या फरश्या बसवते, तिला दर पाठ.
दुर्गावती वेळीप काहीच बोलली नाही,
तिने फक्त विचारलं, पर्वरीला पहिली बस कितीला?

मांडवीच्या पुलावर सगळ्या खिडकीशी सरकल्या.
खाली कॅसिनोच्या बोटी, दिवसाउजेडी
माळ्यावर ठेवलेल्या मखरासारख्या.
गेटवर पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या, छत्र्या काढून घेतल्या.
लहान मुलांना गॅलरीत प्रवेश नाही.
बसम्मा तिच्या निंगूला घेऊन बाहेरच राहिली.

आमदार भले होते, चहा दिला.
म्हणाले, तुमच्या विषयावर बोलायचं
तर कपात सूचना द्यावी लागते.
मागणीत शंभर रुपये कमी करा, असं मी म्हणायचं,
मग अध्यक्ष मला बोलू देतात.
पद्धत आहे.
मी कप खाली ठेवला.
म्हणजे पोरांविषयी बोलायला
आधी पोरांचेच शंभर कापा म्हणायचं?
ते हसले. कागदावरच हो, बाय.
आणि फरशी?
ते पुन्हा हसले, पण थोडं कमी.

दुपारी आमची मागणी आली.
वेळ संपत होती, पुढे आणखी अकरा होत्या.
कुणीतरी क्रमांक वाचला, खालून होय होय झालं.
दुर्गावती मला म्हणाली, कधी सुरू होणार?
मी म्हटलं, झालं.

पुस्तक मी परत नेलं नाही.
शुक्रवारी वजनाचा दिवस.
निंगू दहा किलो सहाशे.
गेल्या महिन्यात दहा-दोनशे होती,
हा ०.४ तिच्या आईला दोन वेळा दाखवला,
दुसऱ्या वेळी तिने तो बोटाने शिवला.
पोरांची रांग संपली
आणि मला काय सुचलं कोण जाणे,
झोळीत पुस्तक ठेवलं.
पोरं खिदळली. काटा थरथरला, थांबला.
तीन किलो शंभर.
आत्ताच जन्मलेल्या, धडधाकट बाळाएवढं.

पण रजिस्टरात वय लिहावं लागतं.
मुखपृष्ठ पाहिलं: आर्थिक वर्ष.
वय वर्ष एक, वजन तीन-शंभर.
तक्त्यावर बोट वर नेलं, खाली आणलं.
लाल पट्टी. लाल पट्टीच्याही खाली.

लाल पट्टीतल्या मुलाच्या घरी
दर आठवड्याला जावं लागतं, असा नियम आहे.
विचारायचं, काय खाल्लं, कोण भरवतं,
मागच्या वेळी सांगितलेलं केलं का.
रागवायचं नाही. सही घ्यायची.

सोमवारी सहा-चाळीसच्या कदंबाने निघते.
बसम्मा म्हणते, ह्या वेळी काटाही घे.