भोक क्रमांक दोनशे आठ

ड्रॉइंग आलं तेव्हा त्यावर पार्टचं नावच नव्हतं.
ॲल्युमिनियम, जाडी तीन मिलिमीटर,
भोकं चारशे बारा,
चूक चालेल ती केसाच्या आठव्या भागाइतकी.

अंबडच्या आमच्या शेडमध्ये
पंपांची झाकणं होतात, ट्रॅक्टरचे ब्रॅकेट.
त्यांची भोकं कवायतीला उभी असल्यासारखी रांगेत.
ही सांडलेली.
पुंजाराम गांगुर्डे म्हणाला, मॅडम,
हे काय तीळ फेकून काढलंय का कुणी?

मी क्वालिटीला. विचारणं भाग होतं.
फोनवरच्या बाईंनी सांगितलं,
दर भोकामागे एक दीर्घिका आहे.
भोकात काचेची तार खोचायची,
तारेतून तिचा उजेड खाली उतरवायचा
आणि रंग रंग वेगळा करून वाचायचा.
या सगळ्या धुळीत बुडालेल्या, त्या म्हणाल्या,
आत तारे पेटतायत बक्कळ,
धूळ तो उजेड पिते आणि बाहेर ऊब सोडते.
ऊब आम्ही मोजली. पण उबेवरून
नेमकं किती लांब ते कळत नाही हो.
त्याला उजेडच लागतो,
गाळून आलेला, चिमूटभर का होईना.

शब्दकोश काढला घरी.
दीर्घिका: लांबट तळं, पायऱ्यांनी उतरायचं.

दुसऱ्या दिवशी पुंजारामला जमेल तसं सांगितलं.
तो निफाडकडचा. थंडी चारवर उतरली की
द्राक्षबागेत ओला पाला पेटवून रात्र काढलेला.
ऐकलं, कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली.
कळलं, म्हणाला,
धुरात जाळ दिसत नाही,
तोंडाला लागतो मात्र.

मग त्याने दिवसा काम करायचं नाकारलं.
दुपारी पत्रे तापतात, धातू फुगतो,
भोक सकाळी एका जागी, संध्याकाळी दुसऱ्या.
तीन रात्रपाळ्या. वीस भोकं झाली की नवं ड्रिल.
हवेची नळी शेजारी असताना
प्रत्येक भोकावर तोंडाने फुंकर.
मी विचारलं नाही का ते.

सात महिन्यांनी यादी आली.
क्रमांक, सरकलेली रेष, खात्री एक ते चार.
प्राणवायूच्या जुळ्या रेषा,
मूळच्या जांभळ्याच्याही पलीकडच्या,
कुणाच्या हिरव्यात पोचलेल्या, कुणाच्या पार लालात.
जितक्या सरकल्या तितकं अंतर.
तीनशे पंच्याहत्तर सापडल्या.
सदतीस ओळींपुढे: रेष नाही.

तो मशीन बंद करून आला. हात न पुसता
बोट कागदावर. दोनशे आठ.
मॅडम, या वेळी लाइटने डोळा मिचकावला होता.
पहाटेचं होतं. मी बोललो नाही तेव्हा.
भोक चुकलं का माझं?

मी कपाटातून तपासणीचा रिपोर्ट काढला.
दोनशे आठ: आडवं चार मायक्रॉन, उभं दोन.
दहापर्यंत चालत होतं.
त्याने आकडे स्वतः वाचले, ओठ हलवत,
मग शेजारचे दोनशे सात, दोनशे नऊ.
म्हणजे बरोबर आहे.
बरोबर आहे.
मग?

बाहेर सातपूरकडची बस वळली,
शेडचे पत्रे थोडे वाजले.

मग काय, तोच म्हणाला,
घरात असेल. दार उघडलं नाही.
कागदावर त्याच्या बोटाचं तेल राहिलं.

प्लेट तिकडेच पडून आहे म्हणे,
एका रात्रीपुरतीच होती.
आमच्याकडे राहिला होता कीस,
बारीक, कुरळा, हाताला टोचणारा,
तो ब्रॅकेटच्या पोत्यातच झाडून भरला गेला.
भंगारवाला तन्वीर किलोने घेऊन गेला.
पावती फाइलला आहे,
वजन बावीस किलो सहाशे,
त्यात दोनशे आठची चिमूट.
वेगळी काढता आली नसती.