अंक चौदावा

'लोहमासा' महिन्याच्या पाच तारखेला निघायचा,
म्हणजे मुंबईत.
दाभोळला यायचा दापोलीच्या गाडीच्या टपावरून,
कधी आठला, कधी बाराला,
आणि खाडीपलीकडे धोपाव्याला यायचा
माझ्या पोलक्याच्या आत, होडीतून,
शिंतोडे लागू नयेत म्हणून.

परकारचाचा गठ्ठ्याची सुतळी दाताने तोडायचे.
"दीड रुपया. आणि इथे उभ्याने वाचायचं नाही."
मी धक्क्यावर जाऊन उभ्याने वाचायचे.
दोन होड्या सोडायचे.

पहिल्या अंकात कप्तान अरुणध्वज मला आवडला नाही.
सहा महिने समुद्रात आणि दाढी नाही.
सदऱ्याला मिठाचा डाग नाही.
तिसऱ्यात भिवा आला, दीपगृहाचा रखवालदार,
दोनच चौकटींत,
दिव्याची काच पुसत म्हणाला, "आज वारं बरं नाही."
त्याचं बरोबर होतं.
त्या पुस्तकात तेवढ्यालाच वारं कळत होतं.

नववा अंक बाबांनी हातात घेतला,
जाळं बाजूला सारून.
डोक्यावर पुनवेचा चंद्र, मध्यरात्र,
आणि लोहमासा ओहोटीत चिखलात रुतलेला.
"पुनवेच्या मध्यरात्री ओहोटी?
ह्या माणसानं दर्या पाहिलाय की नुसती बादली?"

मी पोस्टकार्ड टाकलं.
बाराव्या अंकाच्या मागच्या पानावर उत्तर:
'चूक दाखवल्याबद्दल आभार,
चि. हंसराज पालशेतकर, धोपावे.'
हंसा मी. पण वर्गात
महिनाभर हंसराजच राहिले,
आणि खरं सांगायचं तर
मला ते वाईट वाटलं नाही.

तेरावा संपला तेव्हा
दीपगृहाखाली सुरुंग, वात पेटलेली,
वर खिडकीत भिवाचा कंदील.
पुढील अंकी!

पुढील अंकी एस.टी.चा संप.
धक्क्यावर बसून मी रस्त्याकडे बघितलं,
पाच, सहा, अकरा, एकोणीस तारीख.
चाचा म्हणाले, "पोरी, गठ्ठा डेपोत अडकलाय,
उंदीर वाचत असतील."

मग थेट पंधरावा.
वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात:
'भीषण स्फोटातून कप्तान बचावला...'
आणि कप्तान वाळवंटात, उंटावर.
बाकी काही नाही.
बचावला कोण ते लिहिलं होतं.
मी दुसऱ्याबद्दल विचारत होते.

म्हणून चौदावा मी काढला,
गणिताच्या वहीत, चौकोनी कागद आयता होता.
भिवाचं मीठ संपलेलं.
कंदील खिडकीत ठेवून
तो वाण्याकडे उतरला आहे,
वाणी सुट्टे शोधतो आहे, सापडत नाहीत.
मागे आभाळ लाल होतं.
भिवा म्हणतो, "मीठ जरा जास्तच दे."

पुढच्या प्रत्येक अंकात मी त्याला शोधलं,
गर्दीत, बंदरात, कप्तानाच्या कोपरामागे.
एकोणिसाव्यात चित्रकार बदलला,
कप्तानाचं नाक बदललं,
मला वाटलं आता भिवाही बदलला असेल,
ओळखू येणार नाही.
तेविसाव्याच्या शेवटी 'क्रमशः'.
चोविसावा निघालाच नाही.
"कंपनी बुडाली," चाचा म्हणाले.
लोहमासा त्या वेळी
पाण्याबाहेर होता.

परवा चिपळूणला, रद्दीवाल्याकडे,
लेकीच्या गाईडसाठी वाकले तर
तळाशी चौदावा.
उंदीर नाही, वाळवीही नाही. कोरा.
पान बावीस. तीन चौकटी.
पहिलीत भिवा, दुसरीत धूर,
तिसरीत लाटेवर टोपी.
कप्तान मागे वळूनही बघत नाही,
सदरा पांढराशुभ्र.

वीस रुपये दिले. घासाघीस केली नाही.
गाडीत लेकीने तो माझ्या मांडीवरून ओढला,
शृंगारतळीपर्यंत वाचला,
मग विचारलं, "हा मेला का गं?"

मी म्हटलं, ह्या पुस्तकात चुका आहेत.
भरती-ओहोटीसुद्धा कळत नाही त्यांना.
तो मीठ आणायला गेला होता.