रकाना नववा

यंदा देणगीदारांनी फॉर्ममध्ये एक रकाना वाढवलाय:
'कर्मचाऱ्यांचे मनोबल. पाचपैकी.'
बाकीचे आठ मी दुपारीच भरले.
आठव्यात तर शेरासुद्धा लिहिला, 'अपेक्षेहून अधिक',
कारण दिघ्याच्या खाणीवरची एकशेबारा पोरं वर्गाला आली
आणि चटया होत्या नव्वदांपुरत्या.

तुर्भ्याला आमचं ऑफिस, गाळा नंबर सतरा,
खाली मसाल्याचं गोदाम.
अकरा वर्षं मिरचीच्या खकाण्यात हिशेब लिहितेय.
पहिल्या वर्षी डोळ्यांत पाणी यायचं.
आता कुणी राजीनामा दिला तरी येत नाही.

विशाखा तांडेल डिसेंबरात गेली.
जाताना तिनं टेबलाचा खण पुसून दिला,
पोरांनी बांधलेल्या राख्या पाकिटात घातल्या
आणि पाकिटावर तारीख टाकली, सवयीनं.
हल्ली ऐरोलीला, एका काचेच्या इमारतीत बसून
लोकांना थकलेल्या हप्त्यांची आठवण करून देते.
परवा फोनवर म्हणाली,
'सहाला स्क्रीन आपोआप काळी होते गं.'
एवढंच.
मग दोघीही गप्प,
जणू तीच स्क्रीन दोघींच्या समोर.

देवस्थळी सर वाईट नाहीत.
पाच महिने त्यांनी स्वतःचा पगार उचललेला नाही.
हे ते दर सोमवारी सांगतात,
त्यामुळे आमचा दोन महिन्यांचा मागायला
जीभ रेटत नाही.
'आपण एक कुटुंब आहोत,' म्हणतात.
माझं एक कुटुंब घरीपण आहे,
त्याचा सिलिंडर मंगळवारी संपला.

शनिवारी आमच्यासाठी शिबिर ठेवलं, ताणमुक्तीचं.
सुट्टीच्या दिवशी, सकाळी साडेआठला.
पुण्याहून आलेल्या बाईंनी फुगे वाटले.
म्हणाल्या, यात तुमचा सगळा थकवा फुंका.
इंगोलेला फुगवता येईना.
संस्थेची गाडी चालवतो तो.
दोन वर्षांमागे खाणीवरनं वाशीच्या हॉस्पिटलात जाताना
मागच्या सीटवरचं पोर गेलं,
ते त्याला आरशात आधी कळलं, आईला नंतर.
गाडीचा वेग त्यानं कमी केला नव्हता.
फुगा तसाच खिशात टाकून मला म्हणाला,
'मॅडम, याचं व्हाउचर तुम्हालाच करावं लागणार ना?'
केलं.
फुगे, पाकीट एक, साठ रुपये. प्रशिक्षण खर्च.

सहा वाजता सरांचा फोन.
'नवव्यात चार टाक. पाच खोटं वाटतं.'
हो म्हटलं.
बोट चारवर होतं. दाबलं नाही.
खाली उतरले, चहा प्यावा म्हणून.

भाजी मार्केटच्या गेटपाशी हुलिगव्वा बसते, लिंबांची पाटी घेऊन.
तिची पोरगी आमच्या दुसऱ्या तुकडीत होती.
आठवीत सुटली. लग्न झालं, दोन लेकरं.
आमच्या अहवालात ती 'गळती' आहे,
त्या वर्षीच्या नऊ टक्क्यांत कुठेतरी.
मला बघून हुलिगव्वा म्हणाली,
'काय बाई, तोंड असं का सुकलंय?'
दोन लिंबं हातात कोंबली.
पैसे घेईना.
मी दहाची नोट पाटीत ठेवली
तर तिनं ती माझ्याच पिशवीत टाकली
आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी भांडायला लागली.

वर आले. शटर अर्धं ओढलं.
अकरा वर्षांची खोड, वही पुढ्यात घेतली:
वस्तुरूप देणगी. लिंबं, नग दोन.
देणगीदार: हुलिगव्वा, गेटाबाहेर.
लाभार्थी
इथे पेन अडलं.
हा शब्द मी हजारदा लिहिला असेल,
नेहमी दुसऱ्यांच्या नावाआधी.

माझं नाव लिहिलं. आडनावासकट.

नववा रकाना अजून रिकामा आहे.
सरांनी या लिंबांची पावती मागितली
तर सालं दाखवीन.