साडेसव्वीस

मिलाग्रोस मावशीचा डावा हात
शेवटची अठरा वर्षं उशीवर राहिला
पाहुण्यासारखा.
प्रत्येक ब्लाउजची एक बाही ती उसवून ठेवी.
अंगठी शेवटी बंदरावरच्या लोहाराने कापली,
साबण हरला तेव्हा.
कॅन्सर गेला होता. सगळे म्हणत, नशीबवान.
भरती शिरली होती तिच्या हातात,
आणि ओहोटीची वाट
काखेतल्या गाठींबरोबर कुठल्याशा बादलीत गेलेली.

माझं तर हातावरच पोट.
कांबादोसच्या खाडीत, कमरेइतक्या गार पाण्यात,
दाताळं ओढायचं, तिसऱ्या वेचायच्या.
म्हणून डॉक्टर नोएमींना आधी हेच विचारलं:
स्तनाचं ठरलंय ना, आता हाताचं बोला.

त्यांनी माझ्याच रिपोर्टच्या पाठीवर रेघा काढल्या.
गाठी निघाल्या की इथल्या वाटा तुटतात.
तुटलेली तोंडं जवळच्या बारक्या शिरेत
त्याच टेबलावर, त्याच दिवशी शिवून टाकायची,
पाणी मुरायच्या आत.
"हमी?"
"नाही," म्हणाल्या, आणि पेनला टोपण लावलं.
त्या टोपणाच्या आवाजावर माझा विश्वास बसला.

पुढचं मला रोसाउरा नर्सने सांगितलं.
मी झोपलेले.
हातात टोचलेला रंग
दिवे मालवल्यावर पडद्यावर उजळत वर सरकला,
अमावास्येला वल्ह्याभोवती समुद्र पेटतो तसा.
तीन वाटा दिसल्या. एक फाटकी निघाली, सोडून दिली.
दोरा नुसत्या डोळ्यांना दिसतच नव्हता.
सुई पडली तर शोधायची नाही, दुसरी घ्यायची.
दीड तास कुणी खोकलं नाही म्हणे.
मग चिमटा सुटला,
शिरेतलं लाल जरा मागे हटलं,
पाण्यासारखं काहीतरी पुढे गेलं.
नोएमी म्हणाल्या, "जातंय."
आणि कुणीतरी कॉफीचं विचारलं.

आता दर महिन्याच्या एक तारखेला टेप.
मनगट. कोपर. कोपराच्या वर चार बोटं.
डावा साडेसव्वीस.
उजवा सत्तावीस, पण तो दाताळ्याचा, त्याला माफ.
मार्चमध्ये एकदा डावाही सत्तावीस भरला.
मी रात्रभर टेप गुंडाळत, सोडत बसले.
सकाळी साडेसव्वीस.
नवरा म्हणाला, टेप भिजली असेल.
असेल.

मावशीची अंगठी माझ्याकडे आली आहे.
सोनार म्हणतो, पाच मिनिटांत सांधून देतो.
राहू दे म्हटलं.
खणात टेपच्या शेजारी पडली आहे,
तोंड उघडं ठेवून.